माणशी एक पव्वा

कागद वहीतून फाडलेला होता. वर "सेंडॉफ" लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. मग हिशेब: कणीक आठ किलो, वांगी सहा किलो, तूरडाळ, तूप, गोवऱ्या, डिस्पोजल, पाण्याच्या कॅन चार. आणि सगळ्यात शेवटी "इतर – माणशी १". त्यापुढे किंमत नाही. रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पार्टीचे हिशेब मी लहानपणापासून पाहत आलो आहे. हा "इतर" नावाचा पदार्थ ना कणकेत पडत, ना भाजीत.

कागद माझ्या हाती आला दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री पावणेबाराला फोन आला होता. मी तेव्हा वसतिगृहाचा रेक्टर. "सर, रागावू नोका. थो उठूनच नाही राह्यला." कोण, कुठे, किती वेळ झाला, हे काढून घेण्यात दोन मिनिटं गेली. मुलगा दहाच्या सुमारासच आडवा झाला होता. म्हणजे पावणेदोन तास. तोवर त्याच्या तोंडावर पाणी मारून झालं होतं, लिंबू पिळून झालं होतं, कोणीतरी दही आणायलाही पळालं होतं. फोन तेवढा केला नव्हता. मी विचारलं, काहून? तर पलीकडे गप्प. मग हळूच, "केस होईल म्हणून, सर."

त्याला डाव्या कुशीवर करा, पाठीला उशी नाहीतर पोतं लावा, १०८ला फोन करा, मी निघालो, एवढं सांगून मी गाडी काढली. शेत वर्धा नदीच्या पलीकडे होतं, आणि डांबरी रस्त्यापासून आत पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट. पांदणीतून रुग्णवाहिका येणं शक्यच नव्हतं. ती रस्त्यावर थांबली आणि पोरांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं. चौघं चार पायांना, पाचवा मोबाइलचा टॉर्च धरून पुढे. मी तिथे पोचलो तेव्हा गोवऱ्यांचा हार अजून धुमसत होता. रोडगे राखेतच होते. भाजीच्या गंजावरचं झाकण कोणी काढलंही नव्हतं.

मुलगा वाचला. आज तो नोकरीला आहे, लग्न झालं आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो आणि त्या रात्रीबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. पण तो झाकण न काढलेला गंज माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सहा किलो वांग्यांची भाजी तयार होती आणि पोरं उपाशीपोटी पीत होती.

मी स्वतः घेत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही जण मला त्या बाजूचा समजतील. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींचा, सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. आमच्या विद्यापीठाला नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं, ज्यांनी खंजिरी हातात घेऊन गावोगाव व्यसनाविरुद्ध भजनं म्हटली. आणि त्याच विद्यापीठाच्या कॉलेजांतली पोरं दर फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीचा पूल ओलांडून पलीकडे "बसायला" जातात. देवळीकडून कळंबकडे जाणारा तो हमरस्ता आहे. अलीकडे बंदी, पलीकडे दुकान. संध्याकाळी जाताना पोरं शुद्धीत असतात, रात्री येताना नसतात. बंदीनं आमच्या पोरांचं पिणं किती कमी केलं याचा हिशेब मी मांडणार नाही. पण पिऊन गाडीवर किती किलोमीटर यायचं, ते अंतर बंदीनं नक्की वाढवलं.

तरीही बंदी उठवा असं मी म्हणत नाही. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. दोन्ही वेळा पेपरांत भांडणं झाली, आणि दोन्ही वेळा अठरा-वीस वर्षांच्या पोरांचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कारण कायद्याच्या दृष्टीनं तो प्रश्नच नाही. महाराष्ट्रात सौम्य बीअर आणि वाइन घ्यायला वय २१ लागतं, बाकी सगळ्याला २५. बीएच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा वीस-एकवीसचा. देशी असो की इंग्लिश, पव्वा त्याच्या हातात कायद्यानं येऊच शकत नाही. मग जे येऊच शकत नाही त्याच्याविषयी कॉलेजनं बोलायचं कशाला? प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी हे वाक्य तीन वेगवेगळ्या प्राचार्यांकडून ऐकलं आहे. "सर, हा विषय आपल्या कक्षेत येत नाही." कक्षेत येत नाही, पण बाजेवर येतो.

माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजच्या आवारात दारू नको, कॉलेजच्या पैशानं नको, वय न झालेल्याला कोणीच देऊ नये. यात तडजोड नाही. पण ती तरीही प्यायली जाणार आहे, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा पिण्यानं होणारं नुकसान कमी करण्याबद्दल मोकळेपणी बोलणं, आणि मदतीसाठी फोन करणाऱ्या पोराला त्या रात्रीपुरतं अभय देणं, हे कॉलेजचं काम आहे. यातलं अभय सगळ्यात महत्त्वाचं.

आता तो "माणशी १". त्या एका ओळीत सगळा धोका भरलेला आहे, आणि तो समजायला मला बरीच वर्षं लागली. पव्वा म्हणजे १८० मिलिलिटर. साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल. म्हणजे तीस-तीसचे सहा पेग, साठेक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमची पोरं पंचावन्न किलोची. ढोबळ हिशेब केला तर उपाशीपोटी पव्वा घेतलेल्या अशा पोराच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं. गाडी चालवण्याची कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम. शरीर ते काढून टाकतं तासाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात ना लिंबानं फरक पडतो, ना काळ्या चहानं, ना आंघोळीनं. रात्री नऊला संपवलेला पव्वा पहाटे पाचलाही गाडी चालवण्याइतका उतरलेला नसतो. "दोन तास झोपलो सर, एकदम फ्रेश" म्हणत किक मारणारा पोरगा शुद्धीत नसतो, त्याला फक्त तसं वाटत असतं. आणि ज्याला आपली पोरं दारूत मोजतच नाहीत ती स्ट्राँग बीअर, तिची ६५० मिलिलिटरची एक बाटली चार पेगांच्या बरोबर पडते.

पण "माणशी १" यातलं खरं विष दुसरंच आहे. वर्गणी सारखी म्हणून वाटा सारखा. पहिल्यांदा घेणाऱ्यालाही पव्वा आणि तीन वर्षांपासून घेणाऱ्यालाही पव्वा. उरलेलं घरी नेता येत नाही, कारण घरी आई आहे. वसतिगृहात नेता येत नाही, कारण गेटवर वॉचमन आहे. पैसे दिलेले, म्हणून फेकवत नाही. मग संपवायचं. त्यात वेळ नसतो. त्या सेंडॉफला दुपारी वर्गातल्या मुलीही होत्या. भाषणं, फोटो, गाणी झाली. सहाला मुली निघाल्या, त्यांना शेवटच्या एसटीला लावून पोरं परत शेतात आली आणि मग "खरी पार्टी" सुरू झाली. जेवण नंतर. कारण आपल्याकडे रीतच ती, आधी बसू, मग जेवू. जेवल्यावर चढत नाही, असं म्हणतात. न चढणं हाच तर फायदा आहे, पण पैसे देऊन न चढवणं कुठल्या पोराला पटेल?

मुली सहाला गेल्यावर पार्टी खरी होते, यावर एक वेगळा लेख होईल. इथे एवढंच म्हणतो की जिथे मुली थांबू शकत नाहीत, अशी जागा मुलांसाठीही सुरक्षित नसते. मुलींना तिथून काढून आपण पोरांच्या पिण्यावरचा शेवटचा लगाम काढतो. न पिणारी पोरंही त्याच सुमारास निघतात. म्हणजे शुद्धीत असलेला माणूस तिथे कोणी उरत नाही.

जागा. शहरात पार्टी बिघडली तर पोरगं फुटपाथवर पडतं. आमच्याकडे ते विहिरीत पडतं. कठडा नसलेल्या विहिरी दर दोन शेतांआड आहेत. त्यात आता शेततळी आली. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, काठ उतरता, त्यावर शेवाळ. पोहता येणारा शुद्धीतला माणूसही त्यातून दोरीशिवाय वर येत नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) येऊ नयेत म्हणून धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लावलेल्या तारा. झटका मशीनची तार असेल तर नशीब, काही ठिकाणी बेकायदा थेट लाइनचा करंट सोडलेला असतो, आणि शेतमालकाचा पोरगा सोडून ते कोणालाच माहीत नसतं. लघवीला अंधारात वीस पावलं जाणारा पाहुणा पोरगा हे काहीच जाणत नाही. परतीच्या रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि मध्येच उडी मारणारा रोही. मोटरसायकलवर तिघं. सगळ्यात जास्त प्यालेला मध्ये, पडू नये म्हणून. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्या पोरांना वाटत होतं की ते काळजी घेत आहेत.

या सगळ्याला उपाय काही अवघड नाहीत. रोडगे हाच उपाय आहे, खरं सांगायचं तर. रोडग्यांना वेळ लागतो. गोवऱ्यांचा हार लावा, पेटवा, निखारा होऊ द्या, रोडगे पुरा, उलटा, झटका, तुपात चुरा. चार तास सगळ्यांचे हात कामात. आमच्या वडलांच्या काळात रोडग्यांच्या पंगती मी पाहिल्या, त्यात पिणारे होते आणि न पिणारेही होते. पण जेवणाचा मान पहिला होता. आता पोरं स्वयंपाकाला एक माणूस सांगतात आणि स्वतः मोकळी होतात. मोकळ्या हातात ग्लास येतोच. जेवण आधी, सहाच्या उजेडात. पाण्याच्या कॅन चार नाही, आठ. रस्त्याला लागून असलेलं शेत, पांदणीतलं नाही. गाड्यांच्या किल्ल्या एका डब्यात, डबा न पिणाऱ्याकडे. किंवा गाड्याच नेऊ नका, एक मॅजिक, ती भाड्याची छोटी गाडी, ठरवा आणि ड्रायव्हरला जेवू घाला. दहा पोरांनी भाडं वाटून घेतलं तर ते पव्व्यापेक्षा जास्त पडत नाही, मी हिशेब करून दिला आहे. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे सांगितलं की पोरं हसतात, कारण पांदणीत पोलीस नसतो. मॅजिकचा हिशेब सांगितला की ऐकतात.

आणि शुद्ध हरपलेल्याचं कसं पाहायचं, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शिकवा. साप चावल्यावर काय करायचं ते आपण शिकवतोच. हाक मारून, चिमटा काढून जो उठत नाही. ज्याचा श्वास मोजला तर मिनिटाला आठसुद्धा भरत नाही, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची खोट पडते. ओठ निळसर, अंग गार, तो झोपलेला नाही. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात चढतच असते, म्हणून "झोपू दे, उतरेल" हे सगळ्यात घातक वाक्य आहे. उताणा ठेवू नका, ओकारी घशात अडकून माणूस जातो. जबरदस्तीनं ओकायला लावू नका, तोंडात काहीही घालू नका. एकानं जवळ बसायचं, उठायचं नाही. एवढंच. त्या रात्री माझ्या पोरांनी यातलं सगळं उलटं केलं, आणि प्रेमानं केलं.

बाटली कोणती, हाही प्रश्न आहेच. बंदीच्या जिल्ह्यात बाटलीचं बूच आणि लेबल यावर भरवसा ठेवता येत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात कळ आली, तर ती उतरण नाही, तडक मोठा दवाखाना. चोरून घ्यायची म्हणजे विचारून घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला संताप आणते. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे. अमुक सालची बॅच, सगळे चाळिशीचे, कोणी ठेकेदार, कोणी पुण्यात. जिथे बंदी नाही तिथे रीतसर एक दिवसाचा परवाना काढून, वय झालेल्या माणसांनी आपल्या पैशानं काय करावं, हा त्यांचा प्रश्न. पण चखण्याच्या प्लेटा फिरवायला, बर्फ आणायला, सोडा ओतायला आमची दुसऱ्या वर्षाची पोरं कशाला? "दादा लोकांचा कार्यक्रम आहे, मदत करा." मदत करता करता शेवटी एक ग्लास त्यांच्याही हाती येतो, पाठीवर थाप मारून. पहिला घोट दादाच्या हातचा असला की नाही म्हणणं पोराला जमत नाही. यात आम्ही शिक्षकही कोरडे नाही. सहलीच्या मुक्कामात सरांच्या खोलीतून आवाज येतात, ते पोरांना ऐकू येतात.

आता अभयाचं. अमेरिकेत पिण्याचं वय सरसकट २१ आहे, म्हणजे तिथलीही बरीचशी कॉलेजची पोरं कायद्यानं पिऊ शकत नाहीत. तरी तिथल्या अनेक विद्यापीठांनी आणि राज्यांनी नियम केला, की मित्राची तब्येत बिघडली म्हणून मदत बोलावणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावर पिण्याबद्दल कारवाई करायची नाही. पण इतक्या दूर जायची गरज नाही. आपल्याकडे अपघातातल्या जखमीला दवाखान्यात पोचवणारा माणूस पूर्वी पोलिसांच्या फेऱ्यांना भिऊन पुढेच होत नव्हता. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला संरक्षण मिळालं. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी जे आपण मान्य केलं, ते वर्गमित्रासाठी का नाही? त्यासाठी कॉलेजला विधानसभेत जावं लागत नाही. प्रवेशाच्या माहितीपत्रकात एक ओळ लागते, की मदतीसाठी फोन करणाऱ्याचं नाव शिस्तपालन समितीकडे जाणार नाही.

मी ही ओळ सुचवली तेव्हा विरोध प्राचार्यांचा झाला, तो अपेक्षितच. मला खरं अडवलं ते गावातल्या एका काकूंनी. त्या दारूबंदीसाठी उन्हातान्हात फिरलेल्या. आमच्या भागात बायकांनी हे सगळं पायानं मिळवलेलं आहे. आडव्या बाटलीला, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मत द्यायला गावातल्या निम्म्याहून जास्त बायका घराबाहेर काढायच्या म्हणजे काय, ते ज्यानं दारोदार फिरून पाहिलं त्यालाच कळतं. काकू म्हणाल्या, "सर, तुमी पोट्ट्याईले शिकवून राहिले का, कसं प्यावं ते?" माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आजही त्या प्रश्नात दम आहे असं मला वाटतं. किल्ल्यांचा डबा, पाण्याच्या कॅन, आधी जेवण, हे सगळं ऐकणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराला "म्हणजे सरांची ना नाही" असं वाटू शकतं. वाटतंच. ती किंमत आहे, आणि ती शून्य आहे असं मी म्हणणार नाही. बाजेवरच्या पोराशी ती तोलली तर मला कमी वाटते, एवढंच.

मी काकूंना ती रात्र सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नालीत पडलेल्याले उचलतो तं आमीच ना. मोर्चा काढणारीनंच नवऱ्याले उचलून आणला हाय कितीकदा. उचलाले मी नाही म्हणतच नाही. पण उचलून झालं की मंग मी बोलतो." पावणेदोन तास जी पोरं फोन हातात धरून बसली होती, त्यांना हा क्रम कोणी सांगितलेला नव्हता. त्यांच्या हिशेबात बोलणी आधी होती.

ती ओळ माहितीपत्रकात अजून आलेली नाही. "पुढच्या बैठकीत घेऊ" अशा जागी ती आहे. मी रेक्टरही नाही आता. यंदा सेंडॉफच्या आधी शेवटच्या वर्षाच्या वर्गावर गेलो, दारू आणायची नाही हे एकदा स्पष्ट सांगितलं, मग श्वास कसा मोजायचा ते एका पोराला बाकावर झोपवून दाखवलं, आणि फळ्यावर माझा नंबर लिहिला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, फोन केला तं माह्या बाबाले सांगसान का?" सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "सांगीन. पण सकाळी."

त्यानं थोडा विचार केला आणि फळ्यावरचा नंबर उतरवून घेतला.